ग्राइंडरधारी उस्तादांस अनावृत पत्र

श्री. उस्ताद यांस,


पत्रात आपले नाव घालत नाही. एकाचेच नाव घातले तर बाकीच्यांवर अन्याय होईल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या गावात, हायवेच्या सर्व्हिस रोडला किंवा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, आपण आहातच. हातात ग्राइंडर, जॅकवर गाडी आणि शेजारी मोबाइल पुढे करून उभा असलेला विशीतला मुलगा. मोबाइलमध्ये परदेशातल्या कुठल्याशा गाडीचा फोटो असतो. टायरच्या वर जेमतेम बोटभर फट, बंपर जमिनीला लागायला आलेला. मुलगा विचारतो, "उस्ताद, आपली अशी होईल का?" आपण मान वर न करता म्हणता, "दोन तासांनी घेऊन जा."

आपण शब्दाला पक्के. दोन तासांत गाडी खाली बसते. अशाच दोन तासांत बसलेल्या एका हॅचबॅकचा मालक माझा भाचा आहे. पुढच्या सीटवर त्याची आई, म्हणजे माझी ताई बसते, त्यामुळे मागची सीट माझ्या वाट्याला येते. आपल्या कलेचा आस्वाद मी जिथून घेतो ती जागा मागच्या चाकांच्या अगदी जवळ आहे. जाणकार श्रोत्याला पहिल्या रांगेत बसवावे, तसा आपण माझा मान ठेवलात.

तेव्हा प्रथम अभिनंदन. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही संस्था १९६६ सालापासून आहे. वाहने तपासणे हे तिचे काम. सकाळी फिरायला येणारी मंडळी टेकडीलाही तिच्याच नावाने ओळखतात. गाडी कंपन्यांचे इंजिनिअर तर एकेका मॉडेलच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि रबरी बुश यांचा मेळ घालण्यात वर्षे घालवतात. मुद्दाम खराब बांधलेल्या ट्रॅकवर गाडी फिरवतात, स्प्रिंग बदलतात, पुन्हा फिरवतात. बिचाऱ्यांना ग्राइंडरचा शोध लागलेला दिसत नाही. आपण तीच गाडी चहा निवायच्या आत दुरुस्त केलीत.

भाच्याच्या डोळ्यांत मी दोष काढणार नाही. भारतात विकायच्या गाड्या इथले रस्ते बघून कंपन्या उंच ठेवतात. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी पोकळी राहते आणि ती डोळ्यांना खुपते, हे खरे आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्यही खाली येतो आणि वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारे वजन कमी होते, हेही खरे. म्हणजे मागणी रास्त होती. त्याने गाडीची उंची कमी करून मागितली होती. आपण चाकाला वर सरकायची जागा कापून घेतलीत, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला सांगितले नाहीत.

आता हिशेब मांडू. आपल्याला हिशेब आवडतो, बिलावरून दिसते.

कॉइल स्प्रिंग किती कडक हे तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि चालू वेटोळ्यांची संख्या यांवर ठरते. वेटोळी जितकी कमी, तितकी स्प्रिंग कडक. सहा वेटोळ्यांतून दीड उडवले की साडेचार उरतात आणि कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. आपण गिऱ्हाइकाला सांगता, "थोडी स्टिफ होईल, पण स्पोर्टी वाटेल." वाक्यात खोटे काही नाही. फक्त पुढचे वाक्य आपण गिळता.

ते मी सांगतो. समजा, गाडी उभी असताना चाकाला वर सरकायला ८० मिलिमीटर जागा होती. आपण गाडी ४० मिलिमीटर खाली बसवलीत. जागा निम्मी झाली. खड्डे होते तसेच राहिले, कारण ते आपल्या गॅरेजात कापून घ्यायला येत नाहीत. दाबली जाताना स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर निम्मे केले तर तोच दणका पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागते. आपण केलीत फक्त एक तृतीयांशाने कडक. "गाडी फार कडक झाली" अशी तक्रार घेऊन लोक आपल्याकडे येत असतील. माझी तक्रार उलटी आहे. जेवढी खाली आणलीत, त्या मानाने ती कडक झालेलीच नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या खड्ड्यात स्प्रिंगेचे काम मध्येच संपते, बंपस्टॉपचा ठोकळा पुढे येतो आणि दणका थेट बॉडीत आणि तिथून माझ्या मणक्यात जातो.

यावर आपण म्हणाल, मग चौपट कडक टाकून देतो. थांबा. घरगुती गाडीच्या स्प्रिंगा निवडताना ती सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलेल असे बघतात. त्या संथ लयीचा माणसाला त्रास होत नाही. बसलेल्या माणसाला उभे हादरे सर्वांत जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठच्या पट्ट्यात. स्प्रिंग चौपट कडक केली की डुलण्याचा वेग दुप्पट होतो आणि सव्वाची गाडी अडीचवर जाते. अडीच हा आकडा रेसच्या गाड्यांना शोभतो. तिथे रस्ता गुळगुळीत असतो आणि मागच्या सीटवर मामा नसतो.

शॉकअपचे काय केलेत? काहीच नाही. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा ती ऊर्जा साठवते, आणि तिचे नाचणे थांबवणे हे शॉकअपचे काम. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला शॉकअपही त्या बेताचा लागतो. आपण जुनाच ठेवलात, तोही कंपनीच्या उंचीला बेतलेला. त्यामुळे आमची गाडी खड्ड्यात एकदा आदळते आणि बाहेर पडल्यावर दोनदा नाचते. ताई प्रत्येक वेळी "हळू रे" म्हणते आणि भाचा प्रत्येक वेळी "हळूच आहे गं आई" म्हणतो. दोघेही खरे बोलतात.

पुढच्या बाजूची आपली कामगिरी तर स्वतंत्र सत्काराच्या लायकीची आहे. बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांत १९५० च्या सुमारास आली. तिच्यात खालचा आर्म ठरावीक कोनात असावा लागतो. गाडी फार खाली आणली की आर्मचे चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते. वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू मग गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो आणि दोघांमधले अंतर वाढते. म्हणजे वळणावर कमी कलावी म्हणून जी गाडी खाली आणली, तिचा कलण्याकडे ओढा वाढला. शिवाय चाकांचे कोन बदलले आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाऊ लागले. अलाइनमेंट करून घ्या, असे आपण एका शब्दाने सुचवले नाहीत. टायरच्या दुकानदाराच्या पोटावर पाय येऊ नये, हा आपला मोठेपणा.

मागे वेगळा चमत्कार. अशा गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप स्वतंत्र बसवलेले असतात. कापलेली स्प्रिंग आखूड असते, शॉकअप मात्र पूर्ण लांबीचा. चाक लोंबकळले की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते. पंक्चरवाल्याने जॅक लावला तेव्हा ती बोटाने फिरत होती. मोठ्या गतिरोधकावरून चाक हवेत गेले तर ती बैठकीतून निसटूही शकते. कंपनी स्प्रिंगेच्या टोकाला आकार देते तो वाटीत नीट बसण्यासाठी, ग्राइंडरने छाटलेले टोक तिथे फक्त टेकते. आणि आपले जे गुरुबंधू वेळ वाचवायला गॅसकटर वापरतात, ते पोलादाला दिलेले पाणीच घालवतात. अशी स्प्रिंग पुढे आपण होऊन खचत राहते. गाडी आणखी लो होते, तीही फुकट.

आणखी एक विचारायचे होते. पुढे दीड आणि मागेही दीड वेटोळे, हे समान न्यायाचे तत्त्व कुठून आले? मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर काम केले होते. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित लवकर डुलणारी ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचे नाक-शेपूट हेलकावणे लवकर शमते. म्हणजे पुढचे आणि मागचे गणित वेगवेगळे मांडायचे असते. आपण दोन्हीकडे एकच माप लावलेत. आता आमच्या गाडीचे नाक खाली जाते तेव्हा शेपूट वर असते आणि कात्रज येईपर्यंत दोघांचा समेट होत नाही.

आता आपला आवडता बचाव: "रस्तेच तसले आहेत, आम्ही काय करणार?" रस्त्यांबद्दल आपण म्हणता ते मान्य. तेवढ्याने आपली सुटका होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडता यावा, अशी अपेक्षा असते. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली हॅचबॅक त्यावर मधोमध आली की पोटाखालून सुमारे साडेचार सेंटिमीटर जातात, कारण चारही चाके त्याच उतारावर असतात. कंपनीची १६ सेंटिमीटर उंची आपण १२ वर आणलीत तरी अशा गतिरोधकावरून गाडी सुखरूप जाईल. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक मात्र १२ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम हातभर रुंद आहे. तो दोन्ही चाकांच्या मध्ये अख्खा मावतो, म्हणून त्याची पूर्ण उंची पोटाखालून जाते. १२ मधून १२ गेले की काय उरते, ते आमच्या इंजिनखालच्या चेंबरला ठाऊक आहे. हा गतिरोधक बांधणाऱ्यालाही एक पत्र जाणार आहे. पण गिऱ्हाईक कुठे राहते, रोज कोणता उंचवटा ओलांडते आणि गणपतीला पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात उतरते का, हे तीन प्रश्न आपण ग्राइंडर सुरू करण्याआधी विचारायचे होते. मोकळ्या गाडीची फट पाहून कापलेत. भरलेल्या गाडीत मागचे टायर मडगार्डच्या आत घासतात.

आपण म्हणाल, मामा नुसते दोष काढतो, उपाय सांगत नाही. सांगतो. फुकट सांगतो, कारण गिऱ्हाइकाला हे आपणच सांगायचे होते.

पहिला उपाय, उंची वीस ते तीस मिलिमीटरच कमी करायची आणि स्प्रिंग-शॉकअपची जोडी एकमेकांसाठी बनवलेली घ्यायची. आयबाखसारख्या कंपन्यांच्या लोअरिंग स्प्रिंगा बऱ्याचदा चढत्या कडकपणाच्या असतात. छोट्या खड्ड्याला नरम लागतात, मोठ्या दणक्याला वेटोळी एकमेकांवर बसत जातात आणि स्प्रिंग कडक होते. बिल्श्टाइन ही जर्मन कंपनी बी-६ शॉकअप कंपनीच्या उंचीसाठी देते आणि बी-८ आखूड दांड्याचा, खाली आणलेल्या गाडीसाठी. एकाच गाडीसाठी दोन वेगळे शॉकअप का बनवतात, यावर एखाद्या निवांत दुपारी विचार करून पाहावा.

दुसरा, कॉइलओव्हर. यात दोन जाती आहेत. एकीत स्प्रिंगेखालची चकती फिरवून उंची बदलते, म्हणजे खाली आणताना चाकाची वरची जागा जातेच. दुसरीत शॉकअपचे खालचे ब्रॅकेट वेगळे फिरते. उंची बदलते, शॉकअपची आतली चाल शाबूत राहते. दुसरी महाग असते आणि भारतीय रस्त्यावर पैसे तिथेच घालावेत. गिऱ्हाइकाला "बत्तीस क्लिक आहेत" म्हणून भुलवू नये. क्लिक शॉकअपचे असतात, स्प्रिंग तेवढीच कडक राहते. चुकीची स्प्रिंग बत्तीस प्रकारे चुकीची वागते.

तिसरा, हवेचा. गाडी उभी असताना खाली, चालताना वर. ही कल्पना आजकालची नाही. सित्रोएनने १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात डीएस ही गाडी आणली. तिच्यात पोलादी स्प्रिंगांच्या जागी तेल आणि नायट्रोजन वायूचे गोळे होते. पार्क केली की ती अलगद जमिनीशी बसायची, इंजिन सुरू केले की उठायची, आणि खराब रस्त्यासाठी तरफ ओढून आणखी उंच करता यायची. जिला पाहून लोक थबकले, तीच आरामासाठीही गाजली. आज एअर सस्पेंशनचा संच बसवायला खर्च मोठा येतो, गळतीची काळजी घ्यावी लागते. पण निदान तो गिऱ्हाइकाला दोन गोष्टींतून एक निवडायला लावत नाही.

चौथा उपाय आपल्या धंद्याला परवडणारा नाही, तरी सांगतो. स्प्रिंगेला हात न लावता चाके थोडी बाहेर आणून आणि टायरची निवड बदलून ती पोकळी बरीच भरल्यासारखी दिसते. इथे आपण उलटेच सुचवलेत. १८५/६५ आर १५ काढून २०५/४५ आर १७ बसवलेत. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला, पण टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली. म्हणजे चाकाची जागा निम्मी करून झाल्यावर रबराची उशीही पाऊण केलीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. रिम वाकली की भाच्याचा खिसा, मणका वाकला की माझा.

खाली बसलेली गाडी टणकच असली पाहिजे, हा समज आपण गिऱ्हाइकांत रुजवला आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९६२ मध्ये एलान ही गाडी काढली. ती माझ्या भाच्याच्या गाडीपेक्षा कितीतरी बुटकी होती, वळणावर भल्याभल्यांना मागे टाकायची आणि तिच्या स्प्रिंगा नरम होत्या. नरम स्प्रिंग, तिला नीट आवरणारा शॉकअप आणि चाकाला पुरेशी जागा, या तिघांवर ते उभे होते. चकाकती चाके आणि जमिनीला लागलेला बंपर यांची गरज तिला पडली नाही.

एक छोटी परीक्षाही सुचवतो. शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय बांधावा, खाली शॉकअपच्या नळीपर्यंत सरकवावा आणि गाडीत चार माणसे घालून नेहमीच्या रस्त्यावर फिरवून आणावी. टाय जिथे थांबेल तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. तो रोजच्या फेरीत बंपस्टॉपला जाऊन चिकटत असेल तर गाडी फार खाली आहे. आपल्या ग्राइंडरच्या एका चकतीच्या पैशात असे बरेच टाय येतात.

आता बिलाबद्दल. भाच्याने जपून ठेवले आहे. त्यावर फक्त "सस्पेंशन वर्क" असे लिहिले आहे. आपला संकोच मला समजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा पुन्हा बजावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कोणता बदल नियमात बसतो हे आधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारायचे असते. आपण ते विचारायला सांगितले नाहीत, कारण कलमात शब्द मालक आहे, उस्ताद नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकाखाली वाकून बघेल तेव्हा आपण दुसऱ्या गाडीखाली असाल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या मुलाला बिल देताना मोघम शब्द टाळावेत. "चारही स्प्रिंगा प्रत्येकी दीड वेटोळे कापल्या. शॉकअप जुनेच. अलाइनमेंट केले नाही. चाकाची वर जायची जागा निम्मी उरली," असे शुद्ध मराठीत लिहून खाली गॅरेजचा शिक्का मारावा आणि सही करावी. सही करताना हात अडखळला, तर त्या मुलाला वीस मिलिमीटरच्या स्प्रिंगांचा आणि आखूड शॉकअपचा भाव सांगावा. त्याच्या खिशात तेवढे पैसे नसतील, तर गाडी आहे तशी परत पाठवावी. तो रागावेल. त्याचा मामा रागावणार नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
मागच्या सीटवरचा मामा

ता. क. दीड वेटोळ्याचे चार तुकडे आपल्याकडेच राहिले आहेत. जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत देण्याची पद्धत आहे, तरी ते पाठवून द्यावेत. वेल्डिंग मारून पुन्हा जोडून देतो, असे कृपया सुचवू नये.